दादाची खुर्ची जिना चढण्याआधी

पिंट्या, तुझा फोन आला तेव्हा माझ्या हाताला कणीक होती, म्हणून "हो हो, छान" एवढंच म्हणाले. आमच्या दादासाठी, म्हणजे तुझ्या बाबांसाठी, रो-हाऊसच्या जिन्याला रुळावरून वर-खाली जाणारी खुर्ची बसवायची म्हणतोस. तीन कंपन्यांची माणसं येऊन गेली आणि तिसऱ्याला तू मनातल्या मनात होकार देऊन बसलायस, कारण तो फार सभ्य वाटला. असेल बाबा. आमच्याकडे आला होता तोही सभ्यच होता, चहा पिऊन कप स्वतः ओट्यावर नेऊन ठेवला त्यानं. पुढं काय झालं ते येईलच ओघात.

तुझ्या काकांच्या डाव्या अंगावरून वारं गेलं, त्यानंतर कोथरूडच्या घरात आम्ही ही खुर्ची बसवली. नऊ वर्षं झाली. काका गेले, खुर्ची आता माझ्या गुडघ्यांची चाकरी करते. या कामात करता येण्यासारखी एकही चूक आम्ही शिल्लक ठेवलेली नाही, म्हणून म्हटलं लिहून काढावं. अर्धं आज वाच, अर्धं उद्या. दादाला मात्र वाचून दाखवू नकोस, त्याच्याबद्दल बरंच आहे यात.

१. आधी दादाला विचार, मग जिन्याला — न विचारता आणलेल्या वस्तूवर तो टॉवेल वाळत घालतो, हे घरात ट्रेडमिल आणलीस तेव्हाच कळलंय तुला.

२. वहिनीला बाजूला घेऊन विचार, तो दिवसातून किती वेळा वर-खाली करतो आणि कशासाठी — निम्म्या फेऱ्या चष्मा, पेपर आणि गोळ्यांच्या डब्यासाठी असतात. या तिन्ही गोष्टी दोन्ही मजल्यांवर ठेवल्या की निम्मा जिना फुकटात उतरला.

३. खाली झोपायची खोली आणि संडास-मोरी होण्यासारखी असेल, तर तो हिशोब आधी कर — खुर्चीचा खर्च लाखांत असतो, भिंत सरकवण्याचा कधी कधी त्याहून कमी निघतो. आम्ही नाही केलं, कारण देवघर वर होतं आणि काकांना खिडकीतला गुलमोहर सोडवत नव्हता. असं कारण असेल तर तेही कारणच आहे, लाजू नकोस.

४. फिजिओथेरपिस्टला घरी बोलाव आणि दादाला त्याच्यासमोर जिना चढायला-उतरायला लाव — दवाखान्यात दादा ताठ चालतो, घरी कठड्याला लोंबकळतो.

५. त्या फिजिओथेरपिस्टला तीन गोष्टी विचार: दादा आधाराशिवाय खुर्चीत बसू-उठू शकतो का, प्रवासभर तोल सांभाळून बसू शकतो का, आणि पट्टा लावायचं लक्षात ठेवील का — विसराळूपणा वाढत चालला असेल तर खुर्ची घ्यावी, पण बटण दुसऱ्या कुणाच्या हातात असावं.

६. दोनेक वर्षांत चाकाची खुर्ची लागेलसं डॉक्टर म्हणत असतील, तर इथंच थांब — या खुर्चीवरून त्या खुर्चीवर, वर गेल्यावर पुन्हा तेच, म्हणजे दिवसाला आठ वेळा माणूस उचलायचा. त्यापेक्षा चाकाच्या खुर्चीसकट नेणारा प्लॅटफॉर्म किंवा घरातली छोटी लिफ्ट बघ.

७. गुडघा वाकतच नसेल तर अर्धवट टेकून उभं राहायची बैठकही मिळते — पण तिला डोक्यावर जास्त उंची लागते आणि तोलही जास्त.

आता जिना. इथं जरा बस माझ्याजवळ, कारण सगळे पैसे इथंच वाचतात किंवा बुडतात.

८. रुंदी स्वतः मोज, तीन ठिकाणी, भिंतीपासून कठड्याच्या आतल्या कडेपर्यंत — राष्ट्रीय बांधकाम संहितेत घराच्या जिन्याला एक मीटर सांगितलाय, पण दुमजली रो-हाऊसला ७५ सेंटीमीटरची मुभा आहे आणि बिल्डरला मुभा दिसली की तो तिथंच मुक्काम करतो. मोजपट्टी लाजली की जिना हसतो.

९. दादाला भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसव आणि भिंतीपासून गुडघ्याच्या टोकापर्यंत माप घे — या खुर्चीत माणूस जिन्याला आडवा बसतो, भिंतीकडे पाठ आणि कठड्याकडे गुडघे. अरुंद जिन्यात गुडघे घासतात आणि तेच तर दुखरे असतात.

१०. वळणावर डोक्यावरची तुळई बघ — चालताना आपण नकळत मान झुकवतो, खुर्ची झुकवत नाही.

११. पायऱ्या सरळ एका रांगेत असतील तर देवाला नारळ फोड — सरळ रूळ तयार लांबीत येतो, जागेवर कापतात आणि अर्ध्या-एक दिवसात बसवून जातात. वळणाचा रूळ मात्र तुझ्याच जिन्याच्या मापानं कारखान्यात वाकवावा लागतो, त्याला आठवडे लागतात आणि पैसे दुपटी-तिपटीनं. सरळ जिना खिशाचा मित्र, वळणाचा जिना कारखान्याचा जावई.

आपल्याकडे घरोघरी जिना असतो तो अर्ध्यात चौकोनी लँडिंग आणि मग उलट दिशेला पुन्हा पायऱ्या, असा. तुझाही तसाच आहे, वास्तुशांतीला आले तेव्हा मी पाहिलाय, लँडिंगवर मनी प्लांट होता. अशा जिन्याला दोन वाटा आहेत. एक म्हणजे वळणाचा एकच रूळ. दुसरी, जी सभ्य गृहस्थ हळूच सुचवतात ती, दोन सरळ खुर्च्या, खाली एक, वर एक, मध्ये लँडिंगवर उतरून बदलायची. स्वस्त पडते कधी कधी. दादा नुसता गुडघ्यानं बेजार असेल आणि लँडिंग ऐसपैस असेल तर वाईट नाही. पण त्यात बसण्या-उठण्याचे प्रसंग दुप्पट होतात, आणि माझं नऊ वर्षांचं एकच ठाम मत आहे: चालत्या खुर्चीत कुणी पडत नाही, माणूस पडतो तो बसता-उठताना. म्हणून खुर्चीचा वेग, गादीचा रंग, रिमोटचा आकार यापेक्षा खुर्ची वर जिथं थांबते ती दोन हात जागा मी पहिल्यांदा बघेन. पुढच्या बऱ्याच कलमांत तीच जागा पुन्हा पुन्हा येईल. कंटाळू नकोस.

१२. वळणाचा रूळ घेणार असशील तर तो आतल्या कठड्याकडून न्यायचा की बाहेरच्या भिंतीकडून, हे दोन्ही काढून दाखवायला सांग — आतून रूळ आखूड होतो, बाहेरून लांब. पण बाहेरून नेला की तो वर सपाट जमिनीवर वळवून आणता येतो आणि उतरणारा माणूस पायऱ्यांच्या तोंडाशी राहत नाही.

१३. बाहेरच्या भिंतीवर खिडकी, मीटरचा डबा किंवा बाथरूमचं दार येतंय का पाहा — आमच्या लँडिंगची खिडकी नऊ वर्षांत पुरती उघडलेली नाही, कबुतरं खूश आहेत.

१४. सरळ जिना असेल तर बैठक वर गेल्यावर लँडिंगकडे फिरते का, आणि फिरल्यावर खटकन अडकते का, हे विचार — पाठ जिन्याकडे आणि पाय घराकडे करून उतरायचं, हाच त्या फिरण्याचा उपयोग. फिरलेली असताना खुर्ची चालूच होऊ नये.

१५. खाली जिन्याच्या पायथ्याशी दार असेल तर रुळाचा शेवटचा तुकडा घडी होणारा मागव — नाहीतर रूळ दारात जीभ काढून पडतो आणि पहिला ठेचकाळतो तो दूधवाला.

१६. रूळ भिंतीला टांगतात असं वहिनीला वाटतंय, ते बहुतेक वेळा तसं नसतं. त्याचे पाय पायऱ्यांवर बसवतात — म्हणजे भिंतीचा रंग वाचला, पण पायऱ्यांना भोकं पडणार.

१७. प्रत्येक पायरीवर रुपयाच्या नाण्यानं ठोकून बघ, कान देऊन — कडप्पा किंवा ग्रॅनाइट खालून पोकळ राहिलेला असेल तर आवाज बद्द येतो, आणि नेमक्या तिथंच ड्रिलनं फरशी तडकते. पोकळ पायरी आधी भरून घे.

१८. दगडाला ठोक्याचं ड्रिल लावू देऊ नकोस, हिऱ्याच्या टोकाचं लावायला सांग आणि सावकाश पाणी सोडत — आमची तिसरी पायरी याच घाईत गेली. तिच्यावर मी तुळशीची कुंडी ठेवली, मग ती कुंडी खुर्चीला लागायला लागली. एक चूक झाकायला दुसरी लावू नये.

१९. लाकडी जिना किंवा भिंतीतून नुसत्या बाहेर काढलेल्या दगडी पायऱ्या असतील, तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखव — माणूस, बैठक आणि मोटर यांचा भार रुळाच्या मोजक्या पायांवर येतो.

२०. माप घेऊन गेल्यावर घरातल्या फरशीला हात लावायचा नाही, म्हणजे नाही.

हे विसावं मी चौकटीत लिहिणार होते. वळणाच्या जिन्याचं माप घेताना पायऱ्यांवर खुणांच्या चिकटपट्ट्या लावतात, फोटो काढतात, सेंटीमीटर नव्हे मिलिमीटर मोजतात. आमचं माप झालं आणि मला वाटलं, रूळ यायला दीड-दोन महिने आहेत तर तोवर खालच्या हॉलची फरशी करून घेऊ. जुन्या मोझॅकवर नवीन टाइल घातली. जमीन इंचभर वर आली. रूळ आला, खालची पायरी इंचभर बुटकी झालेली. मग कंपनीचे लोक आमच्याकडे बघतायत, आम्ही गवंड्याकडे, गवंडी छताकडे. शेवटी खालच्या चार टाइल फोडल्या. तो खड्डा अजून आहे, तिथं पायपुसणं घालते. नाही, पायपुसणंसुद्धा जिन्याच्या तोंडाशी घालू नये, ते मला आत्ता लिहिताना सुचलं. उचलते उद्या.

२१. बैठकीची उंची दादाच्या पोटरीला जुळते का बघ, आणि पाय पायपट्टीवर टेकतात का — लोंबकळते पाय पायरीला लागतात. वहिनीही बसणार असेल तर तिचंही माप घे, ती दादाच्या खांद्याला लागते.

२२. किती वजनाची आहे ते पाटीवर लिहिलेलं वाच, साधारण १२० ते १४० किलोच्या असतात — एका वेळी एक माणूस. मांडीवर नातू हा एक माणूस नसतो, दोन होतात.

२३. चालवायची दांडी कुठल्या हाताला हवी ते ऑर्डरच्या कागदावर लिहून घे — काकांचा डावा हात गेलेला आणि दांडी डाव्या हाताला आली. सभ्य गृहस्थ म्हणाले, "नेहमी डावीकडेच देतो." बदलून मिळाली, पण तीन आठवडे मी खाली उभी राहून रिमोट दाबत होते.

२४. ती दांडी धरून ठेवली तरच खुर्ची चालते, सोडली की थांबते. दादाच्या बोटांना मिनिटभर धरवते का, हे आधी बघ — कंप असेल तर मोठी दांडी किंवा बटण मागता येतं.

२५. गादी रेक्झिनची घे, मखमली नको — वय झालं की घाम, चहा आणि इतर बरंच काही सांडतं. पुसता आलं म्हणजे कुणाला ओशाळं वाटत नाही.

२६. आधी बसवलेल्या दोन घरांचे पत्ते कंपनीकडे माग आणि दादाला घेऊन जा — दुकानातल्या नमुन्यावर सगळेच राजे असतात. घरातली खुर्ची आवाज किती करते, ते तिथली आजीच सांगते.

२७. वेगाची तक्रार दादा करणार हे गृहीत धर — युरोपच्या ईएन ८१-४० मानकात सेकंदाला १५ सेंटीमीटर ही कमाल मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या दोन वळणी जिन्याला मिनिटभर लागेल. कुठं जायची घाई असते त्याला, बातम्या तर तासातासाला तेच सांगतात.

२८. कोटेशनमध्ये जीएसटी, वाहतूक, भोकं पाडणं, विजेचा पॉइंट, घडीचा रूळ आणि पुढं कधी काढून न्यायची वेळ आली तर तो खर्च, सगळं वेगवेगळं लिहून माग — गोड बोली चहापुरती, कागद वर्षानुवर्षं.

२९. बंद पडल्यावर माणूस किती तासांत येतो आणि कुठल्या गावाहून, हे विचार — रूळ परदेशी असला तरी चालेल, मिस्त्री तुमच्या नाशिकचा हवा.

३०. शेवटचा हप्ता दादा स्वतः दहा वेळा वर-खाली करून आल्यावर दे — पैसे पोचले की सभ्यपणाची बॅटरी उतरते.

३१. कुणी जुनी खुर्ची स्वस्तात देत असेल, तर सरळ जिन्याचीच घे — लांब रूळ कापून आखूड होतो. वळणाचा रूळ मात्र दुसऱ्याच्या पायातल्या चपलेसारखा, आपल्याला बसत नाही.

सोसायटीच्या सामाईक जिन्याचं मी फार लिहीत नाही, तुला गरज नाही. पण तुझ्या सासुरवाडीला तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, असं आहे ना? त्यांच्यासाठी दोन ओळी.

३२. सामाईक जिन्यात बसवायची तर सर्वसाधारण सभेची लेखी परवानगी आधी, खुर्ची नंतर — तो जिना आगीच्या वेळी सगळ्यांची वाट असतो, त्यामुळे बैठक मिटल्यावर किती रुंदी उरते हे कागदावर दाखवावं लागतं.

३३. उघड्या, पावसात भिजणाऱ्या जिन्याला बाहेरची, झाकण असलेलीच खुर्ची घ्यावी — कोकणातल्या घरांना तर खाऱ्या वाऱ्याचं वेगळं सांगायला नको, तिथं दाराची कडीसुद्धा दोन पावसाळ्यांत लाल होते.

बसवायच्या दिवशी आणि नंतरचं आता.

३४. विजेचा साधा पाच अँपियरचा पॉइंट रुळाच्या टोकाशी आधीच करून ठेव — वायर जिन्यावरून लोंबकळत आणली तर खुर्ची घेतली आणि ठेच विकत घेतली असं होईल.

३५. भारनियमनाची काळजी करू नकोस, खुर्ची आतल्या बॅटऱ्यांवर चालते, बारा-बारा व्होल्टच्या दोन — भिंतीतली वीज फक्त त्यांना भरत राहते. वीज गेली तरी दादाच्या काही फेऱ्या होतातच.

३६. म्हणूनच खुर्ची नेहमी वरच्या किंवा खालच्या टोकाला, चार्जिंगच्या जागेवर नेऊन उभी कर — मध्ये सोडली तर ती भरत नाही, नुसती कुरकुरते. काही खुर्च्या टीं-टीं वाजून सांगतात. ते वाजणं ऐक, त्याच्यावर ओरडू नकोस.

३७. त्या पॉइंटच्या बटणावर चिकटपट्टी लाव आणि वर "बंद करू नये" असं लिही.

आमच्या कामाच्या मावशी फार काटकसरी. जाताना घरातली सगळी बटणं बंद करून जायच्या, हेही. चार दिवस खुर्ची चालली, पाचव्या दिवशी संध्याकाळी काका वर आणि खुर्ची खाली, ढिम्म. दिवाळीची पहाट होती दुसऱ्या दिवशी. अभ्यंगस्नान वरच, फराळ वरच, पाहुणे एकेक करून वर. काका मात्र खूश, म्हणाले, "आज दरबार भरलाय." प्लगला विश्रांती, म्हाताऱ्याला वनवास, ही म्हण त्या दिवशी मी केली.

३८. दिवाळीत पायऱ्यांवर पणत्या आणि रांगोळी नको, दारात मांड — खुर्चीच्या पायपट्टीखाली काही आलं की ती थांबते, ते चांगलंच. पण तेल सांडलेल्या पायरीवर तू थांबत नाहीस.

३९. पदर, ओढणी, धोतराचा सोगा, शालीचं टोक, सगळं मांडीवर घेऊन मगच पट्टा — रुळाला दाते असतात आणि त्यांना कापडाची फार हौस. माझी इरकल गेली. पदर सुटला की प्रवास तुटला.

४०. काठी हातात उभी धरायची नाही, मांडीवर आडवीही नाही. बैठकीला काठीची खोबण लावून घे — आडवी काठी कठड्यात अडकते आणि दादा ती सोडत नाही, त्याचा स्वभाव मला माहीत आहे.

४१. वर पोचल्यावर आधी बैठक फिरवायची, मग पट्टा काढायचा, मग मिनिटभर बसून राहायचं, मग दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर दाब देऊन उठायचं — बसून उठताना बीपी खाली जातं, डोळ्यांपुढं काजवे येतात. उतरायची घाई, हाडांना महागाई.

४२. वरच्या लँडिंगवर चपलांचा स्टँड, पाण्याचे जार आणि तो मनी प्लांट ठेवू नकोस, भिंतीला मात्र एक भक्कम दांडी लावून घे — उठल्यावर पहिला हात कुठं जातो ते बघ आणि नेमकी तिथं लाव.

४३. जिन्याच्या दुसऱ्या बाजूचा कठडा हलवू नकोस आणि दिव्याला वर-खाली दोन्हीकडून चालणारं बटण कर — घरातले बाकीचे लोक अजून पायानं चढतात, हे खुर्ची आली की सगळे विसरतात.

४४. चढताना खुर्ची आणि उतरताना पायी, असा दादा करार करू पाहील, तो मोडून काढ — चढताना दम लागतो म्हणून आपल्याला चढ वाईट वाटतो, पण पडणं जास्त होतं ते उतरताना. पायांना व्यायाम हवाच, तो अंगणात.

४५. गॅसचं सिलिंडर, तांदळाची गोणी, आणि हो, गणपतीसुद्धा खुर्चीवरून वर न्यायचा नाही — तुझ्या मुलांना ही कल्पना सुचणार आहे, मला लेखी दिल्यासारखी खात्री आहे. बाप्पाला पट्टा लागत नाही.

४६. सुट्टीत नातवंडं आली की किल्ली काढून वहिनीच्या मंगळसूत्राला... बरं, निदान किचनमधल्या खिळ्याला — नाहीतर जत्रेतला पाळणा होतो, तिकीट मात्र कुणी काढत नाही.

४७. आठवड्यातून एकदा रिकामी खुर्ची रिमोटनं पाठव आणि वाटेत पायरीवर वर्तमानपत्रांची गुंडाळी ठेव — गुंडाळीला लागून थांबली तर तिची बुद्धी ठिकाणावर आहे. नाही थांबली तर त्याच मिनिटाला किल्ली बंद आणि कंपनीला फोन.

४८. रूळ कोरड्या फडक्यानं पूस, तेल घालू नकोस — काकांनी शिलाई मशीनचं तेल घातलं, त्यावर पुण्याची सगळी धूळ बसली आणि मिस्त्रीला ती खरवडायला अर्धा दिवस लागला. पायऱ्याही ओल्या फडक्यानं पुसायच्या, बादली ओतायची नाही.

४९. दादाच्या खिशात मोबाईल, आणि हातानं फिरवून खाली आणायची सोय तुमच्या खुर्चीला असेल तर ती घरातल्या दोघांना तरी येऊ दे — मध्येच अडकला तर त्यानं कठड्यावरून उतरायची मर्दुमकी करायची नाही. बसून राहायचं. आणि आगीच्या वेळी खुर्ची नाही.

५०. खुर्ची मिटून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून — मिटलेली बैठक हातभर जागा खाते, उघडी राहिली की अर्धा जिना. आमच्या उघड्या बैठकीवर मांजर झोपायचं, त्याची घुरघुर मला महिनाभर खुर्चीचा आवाज वाटत होती.

५१. दादा पहिल्या दिवशी बसणार नाही. त्याला आग्रह नको, वहिनीला बसव आणि तू खालून टाळ्या वाजव — दोन फेऱ्यांत तो म्हणेल, "तिला नीट जमत नाही, सरक." तरी हटून बसला तर सांग, १९२० च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात क्रिस्पेन नावाच्या गृहस्थानं आजारी मित्रासाठी अशी खुर्ची बनवली होती, शंभरेक वर्षं जुनी वस्तू आहे. जुनं ते त्याला चालतं.

५२. बॅटऱ्या तीन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात. बदलल्याची तारीख मोटरच्या डब्याला पट्टी चिकटवून मार्करनं लिही — पावती हरवते. आमच्या डब्यावर पहिली तारीख काकांच्या अक्षरात आहे, त्याखाली माझ्या दोन.